सुरू गाडीत बसलेली आई

आमच्या आईला सगळे शांत म्हणायचे. नातेवाईक, शेजारी, ती ज्या दुकानासाठी पडदे शिवायची त्याचे मालक, सगळे. "बाई कशी शांत आहे बघा, कधी तक्रार म्हणून नाही." हे ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं. आई शांत नव्हती. चटकन हसणारी, चटकन चिडणारी आणि कुणाचीही हुबेहूब नक्कल करणारी तिच्यासारखी बाई आमच्या अख्ख्या नात्यात नव्हती. फक्त ते बघायला माणसांनी बाहेर गाडीपाशी यायला हवं होतं. चार माणसं आत जिथं जमलेली असायची, तिथं ती नसायचीच. लोकांनी तिला बघितलं ते गाडीच्या काचेतून, हात हलवताना. त्यावरून त्यांनी तिचा स्वभाव ठरवून टाकला.

आता त्या गाडीबद्दल सांगते. बाबा कचेरीत कारकून. त्यांच्या साहेबांनी नवी गाडी घेतली तेव्हा जुनी छोटी गाडी बाबांच्या गळ्यात मारली, आणि बाबांना वाटलं, आपला मान झाला. चार दारं, त्यातलं एक फक्त बाहेरून उघडणारं. पहिल्याच महिन्यात तिनं आपले गुण दाखवले. थंड असताना एका झटक्यात सुरू व्हायची, पण एकदा तापली आणि बंद केली की पुढचा तासभर किल्ली फिरवा नाहीतर डोकं आपटा, नुसता 'कट' असा आवाज. बरं, सुरू ठेवून उभी करावी, तर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की इंजिन मान टाकायचं.

दुसऱ्या कुणी असा माल दिला असता तर बाबांनी त्याला गाठून चांगलं फैलावर घेतलं असतं. साहेबांना कोण बोलणार? साहेब रोज सकाळी विचारायचे, "काय, कशी आहे आमची गाडी?" आणि बाबा म्हणायचे, "फर्स्ट क्लास, साहेब." एकदा कचेरीत फर्स्ट क्लास म्हटल्यावर घरातही तिला नावं ठेवायची सोय उरली नाही. पदरी पडलं, पवित्र झालं. बाबा तिला तळहाताच्या फोडासारखं जपायला लागले.

गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री होता. जीभ गोड, हात जड. दर रविवारी गाडी त्याच्या दारात तोंड वासून उभी. त्यानं बॅटरी बदलली, प्लग बदलले, कार्ब्युरेटर तीनदा खोलून धुतला, एकदा तर सायलेन्सरच बदलला, तो का ते त्यालाच ठाऊक. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. शेवटी बदलण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो बाबांना म्हणाला, "साहेब, एक करा. तापली की बंदच करू नका. कुठं थांबलात तर कुणीतरी आत बसून हलकी रेस देत राहायचं. बघा, गाडी नंबर एक चालेल."

आपण हात टेकले हे सांगायची ही त्याची तऱ्हा होती. बाबांनी मात्र ते डॉक्टरनं सांगितलेल्या पथ्यासारखं मनावर घेतलं.

प्रश्न एवढाच, की आत बसायचं कुणी? दादाला एकदा बसवलं तर तो मासिक वाचण्यात रमला आणि गाडी बंद पडली. मी लहान. राहिली आई. तिचा पाय शिवणयंत्राच्या पायट्यावर तयार झालेला. किती दाबलं की सुई किती धावते हे तिला न बघता कळायचं. "तुला काय, पायाची सवयच आहे," बाबा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो. आईसुद्धा हसली. "म्हणजे आता मला दोन मशिनं," ती म्हणाली.

तेव्हापासून आमच्या घरची ही रीतच पडली. कुठंही पोचलो की बाबा किल्लीला हात न लावता उतरायचे आणि उतरता उतरता आपला पाय काढायचे, त्याआधी शेजारच्या सीटवरून आईचा पाय तिथं पोचलेला असायचा. मग ती गिअरच्या दांड्यावरून अंग चोरून पलीकडे सरकायची, पायाशी ठेवलेली पिशवी मांडीवर घ्यायची, बोटात शिवणाचं टोपण घालायची आणि पडद्यांची तुरपाई काढायची. आईला गाडी चालवता येत नव्हती. तिला ती फक्त सुरू ठेवता यायची.

असं एक-दोन दिवस नाही, पाच वर्षं चाललं. मावशीच्या, म्हणजे आईच्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात बाबांकडे पाहुणे आणायचं काम होतं. दोन खेपांच्या मधल्या वेळात आई कार्यालयाबाहेर गाडीत. तिचं जेवणाचं ताट गाडीत आलं. मावशी स्वतः बाहेर आली आणि खिडकीपाशी वाकली, तो फोटो आहे आमच्याकडे. त्यात मावशीची पाठ दिसते आणि तिच्या गळ्यात आईचा एक हात. शाळेत मला कवितेचं पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा बाबा पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते. नंतर मी तीच कविता आईला गाडीत म्हणून दाखवली. इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू येईना. "मोठ्यानं म्हण गं," ती म्हणाली. मी वैतागले आणि अर्ध्यावरच सोडली. आज त्याची लाज वाटते, पण सोडली हे खरं.

तिनं कधी विचारलंच नाही असं नाही. एकदा कुणाच्या तरी बारशाला निघालो असताना म्हणाली, "अहो, आज बंद करून मीही आत येऊ का?"

"आणि परत कसं जायचं?" बाबांनी विचारलं.

या प्रश्नाला आमच्या घरात उत्तर नव्हतं. रस्त्यावर रिक्षा होत्या, बस होत्या, देवानं प्रत्येकाला दोन दोन पाय दिले होते, पण उत्तर नव्हतं.  पुढं आईनं विचारायचंच सोडलं.

मी तेरा वर्षांची असताना आजी आजारी पडली. आजी म्हणजे आईची आई. ती मामाकडे राहायची, आमच्यापासून दीड तासावर. आईला शिवण शिकवलं ते तिनंच. उलट टाका घातला की हातावर पट्टी मारायची आणि मग स्वतःच रडायची, असं आई सांगायची, दोघींच्या आवाजात. एका दुपारी मामाचा फोन आला. "लगेच निघा. ती सारखी ताईचं नाव घेतेय. डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस."

दादा परीक्षेला गेला होता. आम्ही तिघं निघालो. वाटेत आई फक्त एवढंच म्हणाली, "मला नुसतं तिच्याजवळ बसायचंय."

हॉस्पिटलच्या फाटकात पहारेकऱ्यानं गाडी एका कडेला घ्यायला लावली. बाबा नेहमीसारखे उतरले, आईचा पाय नेहमीसारखा पलीकडे गेला. "कुठल्या खोलीत आहेत ते बघून येतो, मग तू जा," बाबा म्हणाले. मी त्यांच्यामागून गेले.

तिसरा मजला. आजीच्या नाकात नळी होती, पण ती शुद्धीवर होती. तिनं बाबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मग आमच्या मागं दाराकडे बघत राहिली.

"ती कुठाय?"

"खाली आहे. गाडीत," बाबा म्हणाले.

आजीलाही ते माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. तिनं हळूच मान हलवली, आपल्या मुलीचं खाली असणंच रास्त आहे अशी. मग म्हणाली, "येईल ना?"

"जा गं, आईला बोलाव," बाबांनी मला सांगितलं. तेवढ्यात डॉक्टर आले आणि बाबांना बाहेर घेऊन गेले.

मी जिने उतरत पळाले. "आई, आजी तुला बोलावतेय." आईनं त्याच क्षणी पाय उचलला. इंजिन थरथरलं, धडधडलं, आणि तिचा पाय आपोआप परत खाली गेला. "तू बस इथं," ती म्हणाली. मी बसले आणि दाबलं, तर गाडी केवढ्यानं तरी ओरडली. पहारेकरी आमच्यावर ओरडला. मी घाबरून पाय हलका केला, तर ती विझायला लागली. आई दारातून आत वाकली आणि तिनं तो पायटा हातानं दाबून धरला. जमिनीवर गुडघे टेकून, हातानं. "नाही जमायचं तुला. पळ, बाबांना खाली पाठव."

किल्ली तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होती. माझ्याही.

मी पुन्हा तीन जिने चढले. व्हरांड्यात डॉक्टर बोलत होते आणि बाबा हात मागं बांधून, मान हलवत ऐकत होते, कचेरीत साहेबांसमोर उभे राहत तसे. मोठी माणसं बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून घोकवलेलं. मी बाबांच्या मागं उभी राहिले. दार अर्धवट उघडं होतं. आजीचे पाय दिसत होते. एकदा मी बाबांचा सदरा ओढला. त्यांनी मागं न बघताच हातानं 'थांब' म्हणून खुणावलं. मी थांबले. डॉक्टर बोलत राहिले.

"काय गं?" शेवटी बाबा वळले.

"आईनं तुम्हाला खाली बोलावलंय. म्हणजे तिला वर येता येईल."

बाबा लिफ्टची वाट बघत थांबले. मग गेले. मग आई आली, जिन्यानं, धापा टाकत, बोटात टोपण तसंच. मामा पलंगाशी उभा होता. नर्स चादर सारखी करत होती.

"गेली?" आईनं विचारलं.

"आत्ताच, ताई," मामा म्हणाला. "आत्ताच गं."

आई रडली नाही. ती आजीजवळ बसली, तिला बसायचं होतं तशी, आणि आजीचा हात उलटा करून तळव्यावरून बोट फिरवत राहिली. मला ते बघवेना, म्हणून मी खिडकीशी गेले. खाली आमची गाडी दिसत होती. बाबा आत बसले होते. बसले असतील दहा मिनिटं. मग मामानं माणूस पाठवला, की कागदांवर सह्या करायला वर या. बाबांनी हात पुढं केला, किल्ली फिरवली, गाडी बंद केली, दार लावलं आणि चालू लागले. पाच वर्षांत पहिल्यांदा. सह्यांसाठी.

पुढचं सांगायचं माझ्या जिवावर येतं. सह्या करून बाबा खाली गेले, तर गाडी अर्थातच सुरू होईना. फाटकासमोर एक गॅरेज होतं. तिथला मेकॅनिक आला, त्यानं झाकण उघडलं, किल्ली फिरवायला सांगितली, आवाज ऐकला आणि सरळ खाली हात घातला. इंजिनाकडून गाडीच्या अंगाला जाणारी अर्थिंगची वायर गंजून सैल झाली होती. तापली की त्यातून करंटच नीट जात नव्हता. त्यानं ती घासली, आवळली, कार्ब्युरेटरचा एक स्क्रू पिळला, आणि संपलं. आई आणि मी खाली आलो तेव्हा गाडी धुरधुरत उभी होती आणि आत कुणी नव्हतं.

बाबांचा चेहरा फुलला होता. "अगं, इकडे ये, बघ!" त्यांनी खिडकीतून हात घालून गाडी बंद केली, सुरू केली. बंद केली, सुरू केली. "तापलेली आहे हां! बघ, एका झटक्यात! वीतभर वायर होती गं नुसती!" सासू जाऊन तास झाला नव्हता. मला त्या क्षणी बाबांचा इतका तिरस्कार वाटला, की तो पुढं कधी पुरता गेलाच नाही.

आई गाडीकडे बघत होती. "एवढंच होतं?" तिनं विचारलं.

"एवढंच!"

"मी वर जायला हवं होतं हो," ती म्हणाली. "ती दाराकडे बघत होती म्हणे."

बाबांचा हसरा चेहरा उतरला. त्यांना कुठंतरी टोचलं असावं, आणि टोचलं की माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. "अगं, मग बंद करून जायचंस की!" ते म्हणाले. "किल्ली तर तुझ्याचजवळ होती."

चोराच्या उलट्या बोंबा. मला वाटलं, आता आई बोलेल. बारसं काढेल, लग्न काढेल, पाच वर्षं काढेल. तिनं थोडा वेळ विचार केला, अगदी खरा विचार, आणि म्हणाली, "हो. मला सुचायला हवं होतं."

गाडी पुढं सहा वर्षं न कुरकुरता चालली. आई तिच्यात मागच्या सीटवर बसायची. पोचलो की सगळ्यांच्या आधी उतरायची, पण नकला करायची बंद झाली, आणि आता ती खरोखरच शांत आहे. कुणी आजीचा विषय काढला की ती आजही सांगते, "चूक माझीच. किल्ली माझ्याचजवळ होती." बाबा तिथंच बसलेले असतात. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाही तिला "नाही गं" म्हटलेलं नाही.

मीही म्हटलेलं नाही. म्हटलं, तर ती विचारेल की मग तुला परत वर जाऊन बाबांना पाठवायला इतका वेळ का लागला. मी बाबांच्या मागं नुसती थांबून राहिले होते, हे तिला माहीत नाही. तिला वाटतं, लिफ्ट बंद होती.