दुखण्याला किती लावाल?

जुनं दुखणं असलेली माणसं एका खोलीत बसवा, किस्से आपोआप साचतात. कारण उठून पळणं कुणालाच जमत नसतं!

अंधेरीच्या आमच्या गुरुवारच्या ग्रुपमध्ये मी म्हणजे कंबर, सावंत म्हणजे गुडघे आणि खारदांड्याची जनीमावशी म्हणजे उजवा खांदा. सगळ्यांचे रिपोर्ट नॉर्मल, तरी बोंब चालू! मावशीची घाई वेगळीच. मासळीबाजारातल्या तिच्या जागेवर 'थोडे दिवस' म्हणून तिची जाऊ बसली होती आणि आता तिने तिथे स्वतःची छत्री रोवली होती!

*

पहिल्याच दिवशी सायकॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, "दुखणं खरंच आहे. पण इजा भरली तरी मेंदूतला भोंगा वाजतच राहतो. त्याला हळूहळू गप्प बसायला शिकवायचं."

सावंत म्हणाला, "भोंगो वाजलो की आमचो बापूस मिलमध्ये जाय. माका खंय धाडतास?"

*

मॅडमनी विचारलं, "दहापैकी किती दुखतं?"

मी म्हटलं नऊ. सावंत लगेच, "माका अकरा लिवा!"

मावशी मॅडमना म्हणाली, "तूच सांग बाय, किती लावशील?"

*

एकदा डोळे मिटून शांत जागा आठवायची होती. मी आरे कॉलनीत गेलो. तिथे बिबट्या आला! खुर्चीवरून जो उडालो तो थेट दारापाशी.

मॅडम खूश. "बघा, कंबर दुखली का? लक्ष दुसरीकडे गेलं ना!"

"पण मॅडम, रोज बिबट्या कुठून आणू?"

*

मग होमवर्क मिळाला, घरी कण्हायचं नाही. सावंतने भलतंच मनावर घेतलं. संध्याकाळी त्याच्या बायकोचा मॅडमना फोन. "ह्यांका काय झालाहा? दुपारपासून गप्प आसत. गाववाल्यांका बोलवन घेव?"

*

मावशीला आधी रिकामी टोपली उचलायला लावली, मग थोडी भरलेली. दुखलं तरी घाबरायचं नाही, काम चालू ठेवायचं. नंतर ती ग्रुपला यायचीच थांबली. वाट लागली, म्हटलं, आणि दांड्याचा बाजार गाठला.

छत्री जावेचीच, पण खाली मावशी!

"थांबला का गं खांदा दुखायचा?"

"थांबतो कसला! घेणार काय नाय, नुसता भाव करणार, असं गिऱ्हाईक असतं ना? तसा उभा आहे. राहू दे उभा. त्याच्याकडे बघायचं नाय, आपला धंदा करायचा."

"झकास!" म्हणत मी एक पापलेट उचललं, दाबलं, वास घेतला आणि निम्म्या भावात मागितलं.

मावशीने खांदा चोळला. "अगो बाय, आज दोन-दोन!"

आणि माझ्या पलीकडे बघून हाक मारली, "ये गो ताई, ताजा हलवा बघ!"