डावा पाय, उजवा पाय

पिंपळे गुरवला आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकू माणसाच्या तोंडाआधी पाय बघतात. चाकणच्या कंपनीत दिवसभर सेफ्टी शूज घालून माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत बुरशी झाली होती. ती त्यांनी लिफ्टमध्येच ओळखली, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

संध्याकाळी त्या कडुनिंबाच्या पाल्याचा अर्क घेऊन आल्या. डाव्या पायाला लावला आणि बाटलीचं झाकण घट्ट बंद केलं.

“काकू, उजवा?”

“तो तसाच राहू दे. नाहीतर गुण पाल्यानं आला की आपोआप, हे कळणार कसं?”

आठवड्याभरात डावा पाय शांत झाला. उजवा मात्र बुटात नुसता पेटायचा. काकू रोज बिल्डिंगमधल्या कुणाला तरी घेऊन यायच्या आणि मला दोन्ही पाय दाखवायला लावायच्या. अर्क मागितला की म्हणायच्या, “अरे, वरच्या मजल्यावरचे अजून राहिलेत ना!”

शेवटी रविवारी त्या भाजी आणायला गेल्यावर मी त्यांच्या दारातल्या कुंडीतला पाला ओरबाडला, वाटला आणि उजव्या पायाला थापून बसलो. तेवढ्यात काकू आल्याच. वाकून त्यांनी वास घेतला आणि समाधानानं मान हलवली.

“छान. आता कढीपत्त्यानं गुण येतो का, तेही कळेल.”