रविवारची दाढी

ह्यांचा आजार बळावला म्हणून मुलगा निघाला खरा, पण हे गेले तेव्हा तो विमानातच होता. नागपूरला उतरून थेट घाटावर आला. तेरावं उरकल्यावर त्याने मला आपल्याबरोबर आयर्लंडला, ॲडम्सटाउनला आणलं. मी आले. नको म्हणायलाही काही वाटावं लागतं, आणि मला काहीच वाटत नव्हतं. रडूही येत नव्हतं.

इथे आल्यावर मुलाने अंथरूणच धरलं. रजा टाकून सोफ्यावर पडून असायचा, नातवाने हाक मारली तरी ओ देत नसे. आधीच निघालो असतो तर, एवढंच घोकायचा. सून बिचारी डॉक्टरकडे चल म्हणून लकडा लावायची. मी समोर बसून भाजी निवडत राहायचे. आई म्हणून मला काही सुचायला हवं होतं, पण डोकं बधिर झालं होतं.

शेवटी सुनेनेच त्याला जवळच्या ल्यूकनमधल्या एका वृद्धाश्रमात नेलं. तिथल्या एका आयरिश म्हाताऱ्याचे हात थरथरायचे, त्याची दाढी करायला माणूस हवं होतं. तेव्हापासून दर रविवारी मुलगा जातो. गडी उठून बसला. ऑफिसला जाऊ लागला, नीट जेवू लागला. ओळखीतले लोक म्हणतात, वडिलांची सेवा राहून गेली ती तो इथे करतोय. मी मान हलवते. ह्यांनी जन्मात कुणाला धड गालाला हात लावू दिला नाही, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा कुरकुरत बसायचे. ते कसली सेवा करून घेणार होते!

मागच्या रविवारी मीही गेले. मुलाने फेस लावला, हनुवटी बोटांनी वर धरून सावकाश रेझर फिरवला, गरम टॉवेलने तोंड पुसलं. म्हाताऱ्याने गाल चाचपले आणि 'ग्रँड' म्हणाला. इतका सुखावलेला मुलगा मी त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

परतताना गाडी सिग्नलला थांबली. समोर बघतच त्याने विचारलं, "आई, बाबांनी शेवटी माझं नाव घेतलं होतं का?"

घेतलं नव्हतं. शेवटचं बोलले ते पंख्याबद्दल, कमी कर म्हणाले. मग भिंतीकडे तोंड करून निजले ते निजलेच. हे सांगितलं असतं तर त्याची रुखरुख कदाचित तिथेच संपली असती. बापाने वाटच पाहिली नाही म्हटल्यावर रुखरुख कशाची करायची? पण तिच्याच जोरावर तर तो उभा आहे. ती काढून घेतली की पुन्हा सोफा.

"काहून विचारून राहिला?" मी म्हणाले. "घेतलं ना. दाराकडेच डोळे लावून होते."

तो रडला. सिग्नल हिरवा झाला तरी रडत होता. मला तेव्हाही काही वाटलं नाही. आई, तुझं नाव घेतलं होतं का, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर खरं सांगून टाकलं असतं. मला कुठे रविवारी उठून जायचं असतं.