टेस्ट सगळ्या पास

सॉफ्टवेअर नीट चाललं तर त्याचा किस्सा होत नाही. बिघडलं की होतो. आणि आम्हाला तर पगारच ते कुठे बिघडतं हे शोधायचा मिळायचा! त्यामुळे वर्ध्यात आर्वी नाक्याजवळ, कापडाच्या दुकानावरच्या आमच्या दोन खोल्यांत किस्से नुसते साचत गेले. आता तिथे ते ऐकायला कोणी उरलं नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आमची कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करायची. पेशंटचं नाव नोंदवा, अपॉइंटमेंट द्या, बिल काढा, असं. ते तपासणारे आम्ही तिघं. विलासभाऊ सगळ्यांत मोठे, आधी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. कांचन रोज सिंदीहून पॅसेंजरने यायची. आणि तिसरी मी.

एक दिवस आमचं ऑफिस सांभाळणाऱ्या सरांनी जाहीर केलं, "आता आपण ऑटोमेशन करायचं. तुम्ही रोज हाताने जे तपासता, ते कॉम्प्युटर आपोआप तपासेल."

विलासभाऊंनी विचारलं, "मंग आमी काय कराचं?"

"तुम्ही विचार करा!"

"सर, हे जरा लेखी देता का? विचार कराचा पगार भेटते म्हटलं तं बायको नाई मानत!"

आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसूच आलं.

* * *

पहिली अडचण अशी आली की आमचा प्रोग्राम फारच घाईचा. पेज उघडायच्या आधीच बटण दाबायला धावायचा आणि तोंडावर आपटायचा. तेव्हा आमचं इंटरनेटही रामभरोसे!

विलासभाऊ म्हणाले, "अरे, त्याले म्हणा थांब जरासा. पेज येते तवरिक चहा पाजा त्याले!"

कांचनने तेच केलं. पेज उघडेपर्यंत थांबायचा जो कोड लिहिला, त्याला नावच दिलं 'चहा'. मग दिवसभर एकच चर्चा. "नोंदणीले चहा पाजला का?" "पाजला, पण बिलाले अजून एक कप लागते!"

* * *

मग एका सकाळी प्रोग्रामच्या सगळ्या टेस्ट स्क्रीनवर हिरव्या. पास! दुसऱ्या दिवशीही पास. सरांनी समोसे मागवले. आठवडाभर आम्ही नुसते मिरवत होतो.

आणि एका दवाखान्यातून फोन आला, "तुमचं बिलच निघत नाहीये!"

शोधलं तेव्हा कळलं, आमची टेस्ट बिलाचं पेज उघडत होती, बंद करत होती आणि 'पास' म्हणत होती. बिल निघालं की नाही, हे बघायला तिला कोणी सांगितलंच नव्हतं!

विलासभाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "हे तं लग्नातल्या पाहुण्यासारखं झालं. मांडवात आला, जेवला, गेला. नवरदेव होता का म्हटलं तं म्हणते, असन!"

* * *

कांचनची आई एकदा बाजारासाठी वर्ध्याला आली होती, तशी ऑफिसातही डोकावली. टेस्ट चालू होत्या. स्क्रीनवर आपोआप नावं भरली जात होती, बटणं दाबली जात होती. कांचन मोठ्या अभिमानाने म्हणाली, "पाह्य आई, हे मी बनवलं. आपल्या हातानं काहीच कराची गरज नाई!"

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हे सगळं तेच करून राह्यलं, तं तू काऊन बसली आहे?"

कांचन हसली. विलासभाऊ उठून खिडकीशी गेले. त्या दिवशी चहाची आठवण कोणालाच झाली नाही.

* * *

पुण्याच्या मुख्य ऑफिसला ते वर्षभराने सुचलं. तपासायला तिघं कशाला, एक पुरे!

सरांना ते सांगवत नव्हतं. विलासभाऊंनीच त्यांची सुटका केली. "माहं नाव द्या, सर. या पोरी अजून शिकून राह्यल्या." शेवटच्या दिवशी केक कापला. माझ्या स्क्रीनकडे बघून ते म्हणाले, "टेस्ट सगळ्या पास. फेल झाले ते तपासणारे!"

या वेळी हसले ते एकटेच. दोन महिन्यांनी कांचनही पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेली आणि उरले मी.

पुढे आमचं फ्रेमवर्क, म्हणजे टेस्टचा सगळा कोड, मुख्य ऑफिसच्या टीमकडे द्यायचं ठरलं. व्हिडिओ कॉलवर तिथल्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, कोडमध्ये जागोजागी हे 'चहा' काय आहे?"

मी म्हटलं, "थांबायचं असतं तिथे."

"मग तसंच नाव देऊ ना!" म्हणाला. दुसऱ्या दिवशी बदललंसुद्धा. त्याने काही अडलं नाही. टेस्ट पास झाल्या.

* * *

ते सगळं सोपवण्याआधी मी कोड एकदा नजरेखालून घातला. टेस्टसाठी बनवलेल्या आमच्या खोट्या पेशंटला एक मोबाइल नंबर होता. कांचनने मनानेच दहा आकडे ठोकलेले. टेस्ट रोज सकाळी त्याची अपॉइंटमेंट घ्यायची आणि त्या नंबरवर मेसेज जायचा, 'नमस्कार. आज आपली तपासणी आहे. आम्ही आपली वाट पाहत आहोत.' खाली आमच्याच ऑफिसचा फोन नंबर. हे मेसेज खरोखरच बाहेर जात होते! मी घाबरून ते लगेच बंद केले.

काही दिवसांनी ऑफिसचा फोन वाजला. पलीकडे एक म्हातारा आवाज.

"बाई, मी रोहण्याहून बोलून राह्यलो. तुमच्या इथून मले रोज सकाळी मेसेज येत होता. नातू वाचून दाखवे."

आता शिव्या बसणार! मी घाईघाईने म्हटलं, "आजोबा, माफ करा. तो चुकून येत होता. मशीन पाठवत होतं. आता बंद केलाय, पुन्हा त्रास होणार नाही."

"तरास कायचा? इतक्यात आला नाई, म्हणून फोन लावला. मले वाटलं, तुमच्याकडेच कोणी बिमार पडलं का काय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"बरे आहेत ना सगळे तिथं?"

ऑफिसात मी एकटीच होते.

"हो आजोबा," मी म्हटलं, "सगळे बरे आहेत."

"बस, मंग झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.