अकराव्या मिनिटाचा प्रश्न

वन्सं, म्हणजे माझी मोठी नणंद, नर्सिंग कॉलेजात शिकवतात. आधी सव्वीस वर्षं वॉर्डात काढली, मग पाय सुजायला लागले म्हणून शिकवायला लागल्या. आता पहिल्या वर्षाचे सगळे धडे ऑनलाइन असतात. आमच्या मागच्या खोलीत, खिडकीला गोधडी लावून, त्या ते रेकॉर्ड करतात. मी पलीकडे भाजी निवडते, त्यामुळे निम्मं नर्सिंग मलाही येतं.

कॉलेजात धड्यांची गुणवत्ता मोजायला समिती आहे. तिचा हिशेब सोपा: किती जणांनी धडा शेवटपर्यंत चालवला. वन्संचे शंभरात शहाण्णव. पण मुलं व्हिडिओ लावतात, आवाज बंद करतात आणि दुसरंच काही करत बसतात, हे वन्संना एका मुलीनेच सांगितलं. मग वन्संनी काय करावं? अकराव्या मिनिटाला धडा थांबवला आणि प्रश्न टाकला. पाचशे मिली सलाइन चार तासांत द्यायचं, एक मिली म्हणजे पंधरा थेंब, तर मिनिटाला किती थेंब? उत्तर चुकलं की धडा मागे जातो, पुन्हा ऐकावं लागतं.

उत्तर एकतीस. दोनशे बारांपैकी एकशे अडुसष्ट जणांनी लिहिलं, एकशे पंचवीस. पाचशेला चाराने भागलं की झालं! बहुतेकांनी तिथेच धडा बंद केला. शहाण्णवाचे अडतीस झाले.

प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, गुणवत्ता घसरलीय. सोमवारपर्यंत प्रश्न काढा, नाहीतर समिती बाहेरचे तयार धडे घेणार. मग पुढच्या वर्षी तुमचं मला काही सांगता येणार नाही."

"सर, ही मुलं चौपट वेगाने सलाइन सोडतील."

"समितीसमोर एकच आकडा जातो."

"त्या आकड्यात पेशंट कुठे बसतो?"

फोन ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

दोन दिवस वन्सं धड जेवल्या नाहीत. आमचे हे म्हणाले, "ताई, थांबवायचं ते सलाइन. व्हिडिओ कशाला थांबवतेस?" एरवी त्यांनी भावाला चांगलं झापलं असतं. या वेळी ताट सरकवून उठल्या.

मी म्हटलं, "वन्सं, काढून टाका. तुम्हीच गेलात तर शिकवायला कोण उरणार?"

"वहिनी, उद्या तुझ्या हाताला सुई टोचायला यातलीच कुणीतरी येणार."

"तेव्हाचं तेव्हा बघू."

हे मी बोलले. इथे लिहून ठेवते, कारण देवाला तर माहीतच आहे. त्याच्यापुढे रोज बसून मी वन्संची नोकरी टिकू दे एवढंच मागत होते. त्या एकशे अडुसष्टांसाठी मी एकदाही हात जोडले नाहीत.

रविवारी दुपारी वन्संनी प्रश्न काढला. बटण दाबताना म्हणाल्या, "झालं. आता सुखाने झोपा म्हणावं." बुधवारी आकडा सत्त्याण्णव. समितीचं पत्र आलं: गुणवत्ता सुधारल्याबद्दल अभिनंदन. वन्संनी ते वाचून मला दिलं आणि खोलीत गेल्या.

आज सकाळी त्या यादी घेऊन बसल्यात. चुकलेल्या प्रत्येकीला आणि प्रत्येकाला फोन करून तेच गणित शिकवायचं असा हट्ट. अकरा फोन केले, चार उचलले गेले. एकीने बसमध्ये आहे म्हणून ठेवला. एकीला वाटलं, हजेरी कमी पडली. ती रडायलाच लागली, तिची समजूत घालण्यात गणित राहिलं. एका मुलाने "हो मॅडम, हो मॅडम" केलं. तेवढ्यात वन्संनी विचारलं, "मग सांग, किती थेंब?" तर फोन कट.

चौथी शांतपणे ऐकत होती. वन्संचा चेहरा जरा उजळला. मग ती म्हणाली, "मॅडम, हे परीक्षेला आहे का?"

ते परीक्षेला नाही. मला माहीत आहे, वन्संनाही माहीत आहे.

"आहे," वन्सं म्हणाल्या. "लिहून घे."