दुसऱ्या वर्षाचं प्रात्यक्षिक

माझ्या भाचीला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ धजत नाही. एका घरात राहिलो, एका लॉन्ड्रीत उभे राहिलो. पण तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. गेल्या हिवाळ्यात ती न्यूमोनियानं गेली. तिच्याबद्दल दुसरं कुणी चार ओळी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच लिहितोय. जमेल तसं.

लॉन्ड्री दाजींची, म्हणजे माझ्या बहिणीच्या नवऱ्याची. वर घर, खाली दुकान. मी इस्त्रीवर. भाचीनं विद्यापीठात कुटुंब आणि समाज हा विषय घेतला, तेव्हा दाजी आल्यागेल्याला सांगत, "आमच्या प्रोफेसरीणबाई कुटुंब शिकायला बसनं जातात. घरात फुकट मिळत होतं!" गिऱ्हाइकं हसत. तीही हसे. संध्याकाळी मात्र ओट्याला टेकून ती वर्गातलं सगळं आईला सांगायची, आणि ताई भांडी विसळायची थांबून ऐकायची. पदवी घ्यायची आणि घरातली भांडणं सोडवणाऱ्या एखाद्या केंद्रात लागायचं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या वर्षी एक प्रात्यक्षिक होतं. एका घरातली माणसं, आपल्याला दिसतात तशी, खोलीत पुतळ्यांसारखी उभी करायची. मग त्यांना सांगायचं, आता तुम्हाला जिथं असावंसं वाटतं तिथं जा. स्वतःच्या घरावर हे करू नका, असं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं. पण कबूल झालेल्या शेजाऱ्यांनी ऐन वेळी काखा वर केल्या, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं होतं.

तिनं दाजींना त्यांच्या हातांच्या खुर्चीत बसवलं. मागे भाचा, म्हणजे तिचा भाऊ, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून. ताई आमच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. मी दाराशी, कडीवर हात.

"मेहुण्याला बरोब्बर लावलंस," दाजी खुशीत म्हणाले. "ना आत, ना बाहेर!"

"बाबा, बोलायचं नाही. आई, तुला कसं वाटतंय?"

"पाय दुखतायत," ताई भिंतीलाच म्हणाली. आम्ही सगळे हसलो.

"आता हवं तिथं जा."

भाचा खिडकीशी गेला. मी होतो तिथंच राहिलो, मला तीच जागा बरी वाटली. दाजी गंमत म्हणून उठून हात मागे बांधून फिरायला लागले. आणि ताई सरळ येऊन त्यांच्या खुर्चीत बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले, डोळे मिटले.

"झालं ना? ऊठ आता, चहा टाक."

ताई उठली नाही. "थोडं बसू द्या," ती म्हणाली. "बरं वाटतंय."

दाजी भाचीकडे वळले. "हे शिकवतात होय तिथं? घरं मोडायला?"

"बाबा, ती नुसती बसलीये."

त्या दिवसापासून दाजींनी ताईशी बोलणं टाकलं. आदळआपट नाही, शिवीगाळ नाही, नुसता अबोला. ताई बघता बघता खंगली. शेवटी एका सकाळी कपड्यांना चिठ्ठ्या लावता लावता तिनंच लेकीला सांगितलं, "पुरे झालं तुझं शिक्षण. मला या वयात खुर्ची नको. तुझ्या बापानं बोललेलं हवंय."

"आई, एकच वर्ष राहिलंय गं."

"तुझं वर्ष राहिलंय. मला इथं जन्म काढायचाय."

बापाशी भांडायची तिची तयारी होती. आईशी भांडायची नव्हती. तिसऱ्या वर्षाला ती गेलीच नाही. तिचं जाणं बंद झाल्याचं कळलं त्या दुपारी दाजी जेवताना म्हणाले, "भाजीत मीठ कमी आहे." आनंदानं ताईच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग भाची गल्ल्याशी बसली ती कायमचीच. बायका कपडे टाकायला येत आणि घरचं रडगाणं सांगत बसत. ती सगळं ऐकून घेई, पावती फाडे. एखादीनं विचारलंच, "मग मी काय करू?" तर म्हणायची, "गुरुवारी न्या."

दाजी गेले, पुढं ताईही गेली. भाचा परगावी. खुर्ची राहिली. तिच्यावर भाची धुवायचे कपडे टाकायची, बसली कधीच नाही.

शेवटच्या संध्याकाळी खोकत खोकत, अंगात कोट चढवून ती डॉक्टरकडे निघाली. उंबऱ्यातून मागे वळून म्हणाली, "मामा, दार ओढून घ्या. वारा येतोय."

"ओढतो. इस्त्री बंद करू?"

"नको. तेवढे शर्ट उरकून टाका."