हाताला चिकटलेला बॉल
इथे परमुलखात, होड्या दुरुस्तीच्या कामावर राळ तापली, की त्या वासाने मी थेट मुरुडच्या मैदानात उभा राहतो. आठवीत शाळा सोडलेल्या मला हँडबॉल क्लबात घेतलं ते केवळ तिथल्या प्रशिक्षक सरांच्या शब्दावर. बाकीच्यांची कुरकुर होतीच. त्या दिवशी सामन्यात आम्ही एका गोलने मागे होतो आणि शेवटची पेनल्टी माझ्याकडे आली. भीतीने हाताला घाम सुटायचा, म्हणून मी बाबांच्या होडीच्या फटी बुजवायची चिकट राळ तळव्याला फासून आलो होतो. शिट्टी वाजली. पाय हलवायचा नाही, तीन सेकंदांत फेकायचं, आणि बॉल हातातून निघेचना! हिसडा दिला तर माझ्याच पायाशी पडला. हरलो. "घ्या अजून शाळा सोडलेल्याला!" एक जण ओरडला. आता क्लबही गेला, म्हणून मी मूठ आवळून कोपऱ्यात बसलो. सर खोबरेल घेऊन आले, चिकटलेलं एकेक बोट सोडवत म्हणाले, "शाळा सोडलीस, पण बॉल काय तुला सोडत न्हाय रे! उद्या ये, राळ न लावता." आजही काम संपल्यावर तळव्याला खोबरेल चोळताना, शेवटचं बोट मोकळं होईपर्यंत माझा जीव त्या दिवशी कोपऱ्यात होता तसाच अडकून असतो.